समोरची इमारत, भिंतीतली वायर आणि एचडी: शिवाजी पेठेतल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं जुनं घर, तळमजला आणि वर एक मजला. घरात आज्जी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. थोरला नातू तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. त्यामुळे संध्याकाळी आज्जींच्या मालिका आणि रात्री परदेशी लीगचे सामने, अशी टीव्हीची वाटणी आधीपासून ठरलेली. (ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत.)

दिवाळीत हॉलमध्ये ४३ इंची फोर-के टीव्ही आला आणि जुना ३२ इंची आज्जींच्या खोलीत गेला. जोडणी मात्र जुनीच राहिली, केबलचा साधा एसडी बॉक्स. पहिल्याच रात्री कुरकुर सुरू झाली: नव्या टीव्हीवर जुन्यापेक्षा वाईट दिसतंय, चेंडू धावला की मागे शेपूट उमटतं. त्यात तथ्य होतं. एसडी चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं, फोर-के पडदा ३८४० गुणिले २१६० चा. हिशेब केला तर चित्रातल्या एका ठिपक्यावर पडद्यावरचे बरोबर वीस ठिपके भरायची वेळ येते. एचडी चित्र १९२० गुणिले १०८० चं, तिथे एकाचे चारच करावे लागतात. टीव्हीत दोष नव्हता, त्याला खायला कमी मिळत होतं.

अडचण

घरच्यांनी फोनवरून डीटीएच कंपनी निवडली, पॅक ठरवला, पैसे भरले आणि मग फिटर आला. क्रम इथेच उलटा झाला. बोळापलीकडे आग्नेयेला तीन वर्षांपूर्वी चार मजली इमारत उभी राहिली आहे, वर जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी. फिटरने गच्चीच्या पुढच्या बाजूला स्लॅबमध्ये चार भोकं पाडून बेस प्लेट बसवली आणि दोन तास छत्री फिरवली. सिग्नल शून्य.

"मालक, पाइप वाढवला की लागतंय बघा," तो म्हणाला.

"किती वाढवायचा?" मुलाने विचारलं. त्यावर फिटरकडे आकडा नव्हता. मुलाने काम थांबवलं आणि पैसे परत मागितले. कंपनी कोणती याला इथे महत्त्व नाही. दोष तिचा नव्हता, उपग्रहाच्या जागेचा होता. या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय म्हणजे हा नकार. त्या दिवशी दहा फुटी पाइप उभा राहिला असता तर पुढची मोजणी कुणी केलीच नसती.

आकाशाची मोजणी

डीटीएचचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर असतात आणि जमिनीवरून बघणाऱ्याला एकाच जागी दिसतात. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर, ७४.२ अंश पूर्व. आपल्याकडचे डीटीएच उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशापासून पुढे आहेत, म्हणून गावातली प्रत्येक डिश आग्नेयेकडे बघते. पण सगळ्या सारख्याच उंचीवर बघत नाहीत. उपग्रह जितका पूर्वेला, तितका तो आकाशात खाली. कोल्हापूरसाठी गणित असं येतं (दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलेली, उंची क्षितिजापासून):

८३ अंश पूर्व (टाटा प्ले): दिशा १५२ अंश, उंची ६८ अंश
८८ अंश पूर्व (डी२एच): दिशा १४० अंश, उंची ६५ अंश
९३.५ अंश पूर्व (डीडी फ्री डिश): दिशा १२९ अंश, उंची ६० अंश
९५ अंश पूर्व (डिश टीव्ही): दिशा १२७ अंश, उंची ५९ अंश
१०८.२ अंश पूर्व (एअरटेल): दिशा ११३ अंश, उंची ४७ अंश

मोजणीला नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरला. मध्यबिंदूतून दोरा ओवून खाली लोखंडी नट बांधायचा, कोनमापकाच्या सरळ कडेवरून इमारतीच्या सर्वांत उंच टोकाकडे बघायचं आणि दोरा कुठल्या आकड्यावर पडतो ते दुसऱ्याने वाचायचं. ९० मधून तो आकडा वजा केला (आकडा ९० पेक्षा मोठा आला तर त्यातून ९० वजा केले) की अडथळ्याची उंची अंशांत मिळते. दिशेसाठी मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, फक्त लोखंडी जिना आणि सळ्या बाहेर आलेला कॉलम यांपासून दोन-तीन मीटर लांब उभं राहायचं. नाहीतर काटा पंधरा-वीस अंश सहज फसवतो.

इमारतीचं टोक गच्चीपेक्षा ९ मीटर उंच भरलं. एवढा अडथळा ओलांडून बघायचं तर डिश त्याच्यापासून किमान किती लांब हवी? ८३ अंश पूर्वच्या उपग्रहासाठी ३.७ मीटर, ८८ साठी ४.२, ९५ साठी ५.४ आणि १०८.२ साठी ८.५ मीटर. गच्चीचा पुढचा कठडा इमारतीपासून साडेचार मीटरवर, मागचा कोपरा ११ मीटरवर. याच आकड्यांवर पुढचे सगळे निर्णय झाले.

एक फसवणूक डोळ्याचीही असते. घरगुती डिश ऑफसेट घाटाची असल्यामुळे तिचं तोंड प्रत्यक्ष कोनापेक्षा वीस-पंचवीस अंश खाली बघतंय असं वाटतं. "हिच्या तोंडासमोर भिंतच आहे की" असं शेजारी म्हणतात तेव्हा ती बऱ्याचदा भिंतीच्या वरून बघत असते. म्हणून अंदाजाने नव्हे, कोन मोजूनच ठरवायचं.

पर्याय

पहिला पर्याय फिटरचाच, पाइप वाढवणं. दहा फुटी पाइपने उंचीतला फरक ९ वरून ६ मीटरवर येतो. पुढच्या कठड्यावरून ९५ अंशांना तेवढं पुरलं असतं, १०८.२ ला नाही. खरी अडचण वाऱ्याची. ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. ती एक अंश हलली तर सव्वा डेसिबल जातात, दीड अंश हलली तर जवळजवळ तीन, म्हणजे निम्मा सिग्नल. त्यातही एचडी आधी बसतं. या वाहिन्या सहसा डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रसारणाच्या मानकातल्या एट-पीएसके पद्धतीने येतात. तीत एका फेरीत दोनऐवजी तीन बिट भरलेले असतात, त्यामुळे तिला स्वच्छ सिग्नल जास्त लागतो. तारांचे ताण न देता उभा केलेला दहा फुटी पाइप आषाढात काय करेल ते सांगायला नको.

दुसरा पर्याय, डिश मागच्या कोपऱ्यात नेणं. तिथून पाचही उपग्रह दिसतात. पण शेजाऱ्यांनी आणखी एक मजला चढवला तर फरक १२ मीटर होतो आणि १०८.२ साठी ११.३ मीटर लागतात. म्हणजे तो हातचा गेला. शिवाय तिथे पत्र्याची खोली आहे आणि वायर दहा-बारा मीटरने वाढते.

तिसरा, फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही, आज्जींची सह्याद्री वाहिनी येते. पण आज्जींच्या मालिका पैसे मोजायच्या वाहिन्यांवर, नातवाचे सामनेही तिथेच, आणि एचडीसाठी फ्री डिश घेण्यात अर्थ नाही.

चौथा, ८३ किंवा ८८ वरचा उपग्रह आणि डिश इमारतीपासून साडेसहा मीटरवर, गच्चीच्या मध्यभागाजवळ. एक मजला वाढला तरी ८३ ला ४.९ आणि ८८ ला ५.६ मीटर पुरतात. घरच्यांनी ८३ घेतला, कारण हातात सर्वांत जास्त शिल्लक राहत होती. दोन्हींत हव्या त्या वाहिन्या होत्या, त्यामुळे निवड सोपी गेली.

९० सेंटिमीटरच्या डिशचाही विचार झाला. ६० वरून ९० वर गेलं की साडेतीन डेसिबल मिळतात. वळवाच्या जोरदार सरीत केयू बँडचा (डीटीएच ज्या लहरींवर येतं त्यांचा) सिग्नल त्याहून कितीतरी जास्त पडतो, म्हणजे टीव्ही जायचा तो जातोच, फक्त काही मिनिटं उशिरा जातो आणि लवकर येतो. बदल्यात वाऱ्याला सव्वादोन पट क्षेत्र मिळतं. नकार योग्य होता.

काय केलं

स्लॅबला पुन्हा भोक पाडायचं नाही असं ठरलं. ४५ गुणिले ४५ गुणिले १५ सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा ओतला, त्यात चार बोल्ट उभे ठेवले. वजन सत्तर किलोच्या वर. सात दिवस पाणी मारून मग तो खाली रबराची शीट घालून कोब्यावर ठेवला. जुन्या घराच्या कठड्यात फास्टनर मारणं टाळलं, कारण विटा मातीत रचलेल्या आहेत आणि फास्टनरने पकड घेण्याऐवजी वीटच उकलते.

खांब ओळंब्यात उभा केला. खांब वाकडा असेल तर डिशवरचे अंशांचे आकडे निरुपयोगी ठरतात. मग उंची ६८ ला धरून डिश डावी-उजवीकडे अगदी सावकाश फिरवली, प्रत्येक हालचालीनंतर तीन-चार सेकंद थांबत. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो, घाई केली की बरोबर जागा ओलांडून जाते. शेवटी एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेली, सिग्नल पकडून वायरीत सोडणारी डबी) तिच्या पकडीत थोडी थोडी फिरवून सर्वांत जास्त गुणवत्ता कुठे मिळते ते पाहिलं.

इथे एक गोष्ट फिटर मंडळी गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या असतात, एक सिग्नलच्या ताकदीची आणि एक गुणवत्तेची. ताकद ९० दिसली म्हणजे काम झालं असं नाही. त्यात गोंगाटही मोजला जातो. बघायची ती गुणवत्ता, आणि तीही कोरड्या दिवशी. पावसाळ्यात पडायला जागा राहील एवढी ती वर हवी.

गच्चीवर छोटा टीव्ही नेऊन दोन मीटर वायरवर पाहिलं तेव्हा गुणवत्ता ८२ होती. हॉलमध्ये तीच ५४, आणि निम्म्या एचडी वाहिन्यांवर चौकोन फुटत होते.

भिंतीतली वायर

हा दोष घरच्यांनी स्वतः ओढवून घेतला. रंग नुकताच दिला होता, म्हणून "केबलची वायर भिंतीत आहेच, तीच वापरा" असा आग्रह धरला. ती वायर जुनी, पातळ, आणि वाटेत एका स्विचबोर्डमागे दोन वाटांचा स्प्लिटर. त्यावर छापलेलं होतं ५ ते १००० मेगाहर्ट्झ. केबल टीव्हीला तेवढं पुरतं. पण डिशवरून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. म्हणजे स्प्लिटर जवळपास सगळाच सिग्नल त्याच्या कुवतीबाहेर हाताळत होता. खालच्या टोकाच्या काही वाहिन्या येत होत्या म्हणून सगळ्यांना वाटलं, वायर ठीक आहे आणि उपग्रहच कमजोर आहे.

डिशसाठी वापरतात ती आरजी-६ जातीची नवी वायर बाहेरच्या भिंतीवरून पीव्हीसी पाइपातून आणली, २२ मीटर. या वायरीत २१५० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे साधारण तीस डेसिबल जातात, म्हणजे इथे साडेसहा-सात. एलएनबी पन्नासहून जास्त डेसिबलने सिग्नल वाढवून देते, त्यामुळे तेवढं सोसतं. वायरीची मधली तार तांब्याचीच घेतली. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार स्वस्त पडते, पण लांब पल्ल्यात तिच्यातून एलएनबीला जाणारे व्होल्ट घटतात. बॉक्स १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा उभ्या ध्रुवणाच्या वाहिन्या येतात, १८ ला आडव्या. १८ चे वाटेत १५ च्या खाली आले की एलएनबी गोंधळते आणि वाहिन्यांचा एक अख्खा गट गायब होतो. "काहीच वाहिन्या जातात, बाकी छान दिसतात" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

वायर घरात शिरण्याआधी खाली झोळ सोडला, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता झोळाच्या तळाशी ठिबकतं. टोकांना दाबून बसवायचे एफ कनेक्टर, एलएनबीच्या सांध्यावर आपोआप चिकटणारी रबरी टेप. साधी काळी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते.

हॉलमध्ये गुणवत्ता ७९ झाली.

आज्जींच्या खोलीतला टीव्ही

दुसऱ्या टीव्हीसाठी याच वायरीला फाटा द्यावा असा विचार आला. तो चालत नाही. एक बॉक्स १३ व्होल्ट मागेल आणि दुसरा १८, आणि एलएनबी एका वेळी एकाचंच ऐकते. दोन तोंडांची एलएनबी आणि दोन स्वतंत्र वायरी हाच मार्ग. तसंच केलं.

आज्जींना एचडी बॉक्स द्यायचा का, यावर घरात थोडी वादावादी झाली. सुनेचं म्हणणं, आज्जींनाही चांगलं दिसू दे. हिशेबाने ते पैसे वाया होते. ३२ इंची पडद्याची उंची ४० सेंटिमीटर. उंचीच्या सहा पटींपेक्षा लांब बसलं, म्हणजे २.४ मीटरच्या पलीकडे, तर एसडी आणि एचडीतला फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही. आज्जींची खाट तीन मीटरवर. एसडी बॉक्स घेतला. हॉलमध्ये उलट केलं: सोफा ३.२ मीटरवरून २.४ वर ओढला. पैसे न घालता मिळालेली ही सर्वांत मोठी सुधारणा.

शेवटचे तीन फूट

एवढं करूनही पहिल्या रात्री नातू म्हणाला, "पप्पा, फरक काय पडला?" टीव्ही भिंतीवर टांगलेला, बॉक्ससोबत आलेली एचडीएमआय वायर आखूड पडली, म्हणून जोडताना लाल-पांढरी-पिवळी एव्ही वायर लावली होती. पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही. दोन मीटरची साधी एचडीएमआय वायर आणली. या कामाला महागडी लागत नाही. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्र १०८०आय वर नेलं, ते आधी ५७६ वर होतं. टीव्हीतलं चित्र ताणण्याचं सेटिंग बंद केलं, तेव्हा सामन्याचा गुणफलक कडेला कापला जायचा थांबला.

वाहिन्यांचा हिशेब

ट्रायची (दूरसंचार नियामक प्राधिकरणाची) वाहिनीनिहाय दराची व्यवस्था १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. त्या वेळी महिन्याचं जोडणी शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये आणि त्यात शंभर एसडी वाहिन्या, २०२० च्या बदलानंतर दोनशे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने या शुल्कावरची मर्यादा काढली, त्यामुळे आता ते कंपनीगणिक विचारून घ्यावं लागतं. दुसऱ्या टीव्हीचं शुल्कही वेगळं विचारायचं. वर १८ टक्के जीएसटी.

त्या व्यवस्थेत वाहिन्या मोजताना एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांइतकी धरली जायची. हॉलच्या पहिल्या यादीत नऊ वाहिन्या अशा निघाल्या ज्यांचं एसडी आणि एचडी, दोन्हींचे पैसे जात होते. एसडी काढल्या. मराठीत स्टार प्रवाह, झी मराठी आणि कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या ठेवल्या. मराठी बातम्यांसाठी एचडीच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता.

खेळांच्या वाहिन्या वर्षाच्या पॅकमध्ये बांधल्या नाहीत. २०१८ चा फुटबॉल विश्वचषक सोनीच्या वाहिन्यांवर होता, २०२२ चा स्पोर्ट्स१८ वर. हक्क फिरतात, म्हणून स्पर्धा ज्या वाहिनीवर असेल ती त्या महिन्यापुरती घ्यायची असं ठरलं.

निष्पत्ती

मे महिन्यात वळीव आला तेव्हा दोनदा टीव्ही गेला, एकदा पंधरा आणि एकदा पंचवीस मिनिटं. वळवाचे काळे ढग बऱ्याचदा पूर्वेकडून चढतात आणि डिशही तिकडेच बघते, त्यामुळे इथे पाऊस सुरू होण्याआधीच चौकोन फुटू लागतात. हे बघून घरच्यांना बिघाड वाटला होता, तो नव्हता. जुलैच्या संततधारेत गुणवत्ता साठीच्या घरात आली, पण वाहिन्या चालू राहिल्या. मोठे थेंब आणि थोडा वेळ, हे सिग्नलला जास्त मारक.

जूनमध्ये मात्र हॉलच्या छताला ओल आली. पहिल्या फिटरची चार भोकं नुसते प्लास्टिकचे प्लग ठोकून सोडून दिलेली होती. कोबा फोडून ती जागा पुन्हा भरावी लागली, आणि हा खर्च डिश, वायर, ठोकळा सगळं मिळून झालेल्या खर्चापेक्षा जास्त निघाला.

वेगळं काय करता आलं असतं

कोनमापक पैसे भरायच्या आधी हातात घेता आला असता. अर्ध्या तासाचं काम. फिटरला "ड्रिल लावण्याआधी मीटरवर सिग्नल दाखवा" एवढं सांगितलं असतं तरी स्लॅब वाचला असता. डिश हातात धरूनही सिग्नल आहे की नाही ते कळतं. रंग देण्याआधी भिंतीत आरजी-६ च्या दोन वायरींची जागा करून ठेवता आली असती. तो विचार त्या वेळी कुणाच्या डोक्यात येणं अवघड होतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांकडून सुटली. नवा बॉक्स लागला त्याच दिवशी केबल तोडली. मार्चमध्ये शाहू स्टेडियमवर नातवाच्या संघाचा सामना होता, आणि तो गावातल्या केबलवरच्या वाहिनीवर लागणार होता. तसली वाहिनी कुठल्याच उपग्रहावर नसते. त्या संध्याकाळी आज्जी तो सामना बघायला शेजारच्या इमारतीत गेल्या, त्याच इमारतीत. पुढच्या आठवड्यात केबलची जुनी जोडणी पुन्हा घेतली, फक्त आज्जींच्या खोलीत, आणि भिंतीतली ती जुनी वायर स्प्लिटरसकट कामाला आली.